ठिपका थांबला तर

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर आई रडली असती, बाबा गप्प झाले असते आणि मी 'बरं, नाही जात' म्हणून मोकळी झाले असते. म्हणून पत्र. पुढच्या महिन्यात मी शिडाच्या बोटीवर जातेय. आम्ही ८ जण, ६ आठवडे; आधी किनाऱ्याकिनाऱ्याने, मग ११ दिवस खुल्या समुद्रात. पैसे भरलेत, रजाही मिळालीय. म्हणजे विचारत नाहीये, सांगतेय. रागावू नका.

अण्णाकाकांचं मी विसरलेले नाही. म्हणून तर हे लिहितेय: केबिनच्या शिडीवर उभं राहूनच अंगातल्या सुरक्षा-पट्ट्याचा हुक बोटीला अडकवायचा, मग डेकवर पाऊल टाकायचं. सरावात एकदा विसरले, तर कप्तानबाईंनी पहिलीतल्या पोरीसारखं परत खाली पाठवलं. दोनदा.

आई, तुला वाटतं किनारा दिसत असला की बरं. उलटं आहे गं. खडक, उथळ पाणी, जाळी, जहाजांची वर्दळ, सगळं किनाऱ्यालगत. वारा जमिनीकडे ढकलायला लागला की पळायला जागा नाही. खोल पाण्यात निदान चुकायला जागा असते. (मला स्वतःला भीती किनाऱ्याचीच वाटते. हे लिहायला नको होतं बहुतेक.)

झोपेचं म्हणशील, तर ४ तास पाळी, ८ तास सुटी. झोपायच्या फळीला बाजूने कापड ताणून बांधतात, बोट कितीही कलली तरी पडत नाही. शेगडी झुलती असते, त्यामुळे पातेलं सरळ राहतं. गरम जेवण मिळणार. पहिले दोन-तीन दिवस बोट लागेलच. गाडी लागायची तेव्हा तू माझं कपाळ धरून 'लांब बघ, लांब' म्हणायचीस ना? इथेही तेच सांगतात, क्षितिजाकडे बघा. कपाळ मात्र माझं मलाच धरावं लागणार.

बाबा, तुमच्यासाठी आकडे. ५ नॉट म्हणजे ताशी ९ किलोमीटर, सायकलपेक्षा हळू. नकाशावर आमचा ठिपका दिसेल, लिंक पाठवते. तो वाकडातिकडा चालेल, कारण वाऱ्याच्या तोंडावर शिडाची बोट सरळ जात नाही. साधारण ४५ अंश एका अंगाला, मग दुसऱ्या. आणि वादळात ठिपका थांबल्यासारखा दिसला तर घाबरायचं नाही. पुढचं शीड उलटं धरून, सुकाणू बांधून बोट मुद्दाम जवळजवळ थांबवतात. तेव्हा आम्ही आळीपाळीने आत पडून असतो. रात्री उठून ठिपका बघायचा नाही. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, बस.

डोळ्यांचे थेंब वेळेवर. माळ्यावर चढायचं नाही, दोघांनीही. गुडघ्याचं डॉक्टरांना दाखवा, मी आल्यावर नाही, याच आठवड्यात.

रविवारी फोन करते. बाबा, आईकडे देऊ नका, तुम्हीच उचला आधी.

तुमची,
छकुली