आमची रात्र सकाळी दहाला सुरू होते

महोदय,

रात्री दहानंतर वाजणाऱ्या स्पीकरबद्दल वाचकांची पत्रं आपल्या अंकात येतात. ती रास्तच आहेत. मला लिहायचंय ते दिवसाच्या आवाजाबद्दल.

मी फिजिशियन आहे. नाशिकमधल्या एका खासगी रुग्णालयात गेली सात वर्षं कायम रात्रपाळी करते, रात्री आठ ते सकाळी आठ. ही पाळी मी मागून घेतली. दर आठवड्याला वेळ बदलली की शरीर कुठेच रुळत नाही, हे शिकत असताना पुरेसं भोगलं होतं. तरी शरीरातलं घड्याळ उजेडावर चालतं. सकाळी द्वारका चौकातून इंदिरानगरला परतताना डोळ्यांवर ऊन पडतं आणि शरीराला वाटतं, आता उठायचं. जाड पडदे लावून, फोन बंद करून ती झोप अक्षरशः ओढून आणावी लागते.

गेल्या महिन्यात लागोपाठ तीन दिवस आमच्या गल्लीत लग्नघरचा डीजे होता. खिडकीच्या काचा थरथरत होत्या. तिसऱ्या दिवशी मी जेमतेम दोन तास झोपले. त्या रात्री पहाटे चारच्या सुमारास निफाडकडून एका शेतकऱ्याला आणलं. द्राक्षावर फवारायचं औषध प्यायला होता. अशा वेळी अॅट्रोपिन हा विषावरचा उतारा देताना दर पाच मिनिटांनी छाती ऐकायची, नाडी बघायची आणि छाती मोकळी होईपर्यंत डोस दुप्पट करत न्यायचा असतो. सिस्टरनं विचारलं, ‘मॅडम, आता किती?’ आणि मला मागचा डोस आठवेना. केसपेपरवर लिहिलेला होता म्हणून निभावलं. तो माणूस बरा होऊन घरी गेला. पण तो क्षण माझ्या मनातून जात नाही.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रहिवासी भागासाठी रात्री ४५ आणि दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. दिवसाची मर्यादा कुणाच्या गावीही नसते. दुपारी बारा वाजता पोलिसांना फोन केला तर ‘मॅडम, दिवस आहे, लग्न आहे’ असं उत्तर मिळतं. सातपूर-अंबडचे कामगार, नर्सेस, सफाई कर्मचारी, खुद्द रात्रीच्या गस्तीवरचे पोलीस, सगळ्यांचं दुपारी हेच होत असणार. २०२७ च्या सिंहस्थात तर रात्री जागणारे कितीतरी वाढतील. दिवसाच्या तक्रारीचीही रात्रीसारखीच दखल घेतली जावी, एवढीच पोलीस आयुक्तालयाला विनंती आहे.

शेजाऱ्यांना सांगून बघितलं तर ते ऐकतात, हाही माझा अनुभव आहे. आमच्या सोसायटीत आता कुरियरवाला माझी बेल वाजवत नाही, पार्सल वॉचमनकाकांकडे ठेवतो. समोरच्या काकूंनी मिक्सर संध्याकाळवर नेला. एवढ्यानं माझी झोप तासाभरानं वाढली आहे.

– एक डॉक्टर, इंदिरानगर, नाशिक