हसण्याआधी दुखणे थांबवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

असाध्य आजार झालेला माणूस शेवटपर्यंत हसतखेळत राहिला, असे लेख वर्तमानपत्रांत येतात तेव्हा सारा भर जिद्दीवर आणि सकारात्मक विचारांवर असतो. वाचून बरे वाटते. पण ज्या घरात आज असा रुग्ण आहे, तिथे त्याचा सूर वेगळाच लागतो: ‘बघ, ते कसे हसत होते, आणि तू नुसता तोंड पाडून बसतोस.’ पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे गंभीर आजारातले दुखणे आणि त्रास कमी करणाऱ्या सेवेत, काम करणाऱ्या आम्हा परिचारिकांचे याबाबत ठाम मत आहे. ज्याच्या हाडांत कर्करोग पसरलाय, साधी कूस बदलताना ज्याला कळ येते, त्याची जिद्द कमी पडत नसते. त्याचे औषध कमी पडत असते.

तीव्र दुखण्यावर तोंडाने घ्यायची साधी (हळूहळू विरघळणारी नव्हे) मॉर्फिन, म्हणजे अफूपासून बनणारे वेदनाशामक, दर ४ तासांनी, घड्याळ बघून द्यायची असते. ‘दुखायला लागलं की देऊ’ म्हणून थांबले, की दुखणे पुढे पळते आणि गोळी मागे राहते. मधेच कळ आली तर जादा डोस लागतो. तो साधारणपणे दिवसभराच्या एकूण मात्रेच्या एक षष्ठांश धरतात. दिवसाला ६० मिलिग्रॅम चालू असेल तर १० मिलिग्रॅम. मूत्रपिंडे कमजोर असतील तर हे गणित बदलते, रुग्णाला गुंगी येते, हातपाय झटके देऊ लागतात. म्हणून मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. पहिले काही दिवस मळमळ आणि झोप असते, ती बहुधा आठवडाभरात ओसरते. बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही, आणि व्यसनाच्या भीतीइतकीच तीही गोळ्या बंद पडायला कारण होते. रेचक पहिल्या गोळीबरोबरच सुरू व्हायला हवे, तेही सेना (सोनामुखी) किंवा बिसाकोडिलसारखे आतड्याला चालना देणारे. इसबगोलसारखा पाण्यात फुगणारा भुसा इथे उपयोगाचा नाही. रुग्ण पाणी कमी पितो, मग तो आतच घट्ट बसतो.

धाप लागत असेल तर टेबलावर उशी ठेवून तिच्यावर हात टेकवून, किंचित पुढे झुकून बसवावे आणि छोट्या पंख्याचा वारा नाक आणि गालांवर येऊ द्यावा. हसताना पोटाची जखम ताणली जाते, तिथे उशी घट्ट धरायला द्यावी. तोंड कोरडे पडले की बोलणेही जड जाते. दर थोड्या वेळाने घोटभर पाणी किंवा ओला स्पंज द्यावा. ऑक्सिजन चालू असेल तर ओठांना पेट्रोलियम जेली लावू नये, पाण्यात विरघळणारे मलम लावावे. या गोष्टी क्षुल्लक दिसतात, पण माणूस गप्पांना तयार होतो तो यांच्यामुळेच.

भेटीगाठींची वेळही औषधावरून ठरवावी. तोंडाने घेतलेल्या साध्या मॉर्फिनचा गुण अर्ध्या ते एका तासात दिसतो, तेव्हा माणसे बोलवावीत. एका वेळी दोघेच, १५-२० मिनिटे, खुर्चीवर बसून. उशाशी उभे राहून खाली बघत बोलू नये. स्टेरॉइड चालू असेल तर ते सकाळी द्यावे. संध्याकाळी दिले की रात्रभर डोळा लागत नाही आणि दुसरा दिवस वाया जातो.

आता विनोदाचे. पहिला विनोद रुग्णाचा असावा, आपण मागून जावे. ‘काका, काय म्हणतेय तब्येत?’ असे विचारल्यावर ‘ती कुठे काय म्हणते, माझंच ऐकत नाही,’ असे उत्तर आले, तर मनापासून हसावे. ‘असं अभद्र बोलू नका’ म्हणून त्याचे तोंड बंद करू नये. आणि हसून झाल्यावर विषय बदलू नये, क्षणभर गप्प राहावे. पुष्कळदा खरे वाक्य त्यानंतर येते: ‘रात्री भीती वाटते’ किंवा ‘माझ्यामागे हिचं कसं होणार?’ ब्रिटिश डॉक्टर सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्णांची काळजी घेणारे केंद्र, सुरू केले. दुखणे शरीराचे, मनाचे, नात्यांचे आणि श्रद्धेचे असे एकत्रच असते, असे त्या शिकवत. विनोद हे त्यातले मनाचे दार किलकिले करतो. म्हणूनच दिवसभर पाहुण्यांना हसवणाऱ्या रुग्णाला एकांतात विचारावे, ‘रात्र कशी जाते?’

चेष्टा नळ्यांची, विगची, कॉटच्या कुरकुरीची चालते. लघवी-शौचावरचा ताबा सुटल्याची चेष्टा त्याने स्वतः केली तरच. भ्रम झालेल्या माणसाशी थट्टा करू नये, तो अधिक गोंधळतो.

हसरा माणूस एकाएकी गप्प झाला तर ‘धीर सोडला’ असे परस्पर ठरवू नका. वाढलेले दुखणे, तुंबलेली लघवी, साचलेला मळ, ताप, नवे औषध हे आधी तपासा. दोन आठवडे कशातच रस वाटत नसेल तर नैराश्याचा विचार करावा, त्यावर शेवटच्या टप्प्यातही उपचार होतात.

अमेरिकी विनोदी स्तंभलेखक आर्ट बुकवाल्ड यांनी २००६ मध्ये डायलिसिस नाकारून हॉस्पिसमध्ये मुक्काम केला. अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक दिवस मिळाले, ते त्यांनी मित्रांच्या गप्पांत आणि लिहिण्यात घालवले; जानेवारी २००७ मध्ये ते गेले. प्रत्येकाला असे जमणार नाही आणि तशी अपेक्षाही नको. उरलेले दिवस म्हणजे मोठ्या स्वप्नांची यादीच असावी असेही नाही. ‘या आठवड्यात काय करावंसं वाटतं?’ एवढा प्रश्न पुरतो. उत्तर बहुतेकदा छोटे असते: स्वतः दाढी करायची, नातीचा अभ्यास घ्यायचा, गच्चीत बसायचे.

मात्र या सगळ्याला वेळ लागतो, आणि पॅलिएटिव्ह केअरकडे रुग्ण येतो तो शेवटच्या काही दिवसांत. २०१० मध्ये बोस्टनमधील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पसरलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगाचे १५१ रुग्ण त्यात होते. निदानानंतर लवकरच ही सेवा नेहमीच्या उपचारांच्या जोडीने मिळालेल्यांचे जगणे सुसह्य झाले, नैराश्य कमी दिसले आणि त्यांचे मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) ८.९ ऐवजी ११.६ महिने भरले. ‘आता काही करता येत नाही’ म्हटल्यावर नव्हे, निदान कळताच डॉक्टरांना या सेवेबद्दल विचारावे.

संपादक महोदय, अशा रुग्णांवर पुढच्या वेळी लिहाल तेव्हा त्यांचे दुखणे कोण बघत होते, औषध किती तासांनी मिळत होते आणि रात्री फोन कोणाला करता येत होता, हेही जरूर छापावे.

आपल्या,
पॅलिएटिव्ह केअरमधील काही परिचारिका