नकाशात बाण दोन हवेत

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या अंकातला भूमध्य समुद्रावरचा लेख आवडला, पण नकाशा खटकला. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीत त्यात एकच बाण आहे, अटलांटिककडून आत येणारा. शेजारी 'इतके पाणी वाहते' असा एकच आकडा. प्रत्यक्षात तिथे एकावर एक असे दोन प्रवाह वाहतात. वरून अटलांटिकचे हलके पाणी आत शिरते आणि तळालगत भूमध्य समुद्राचे जास्त खारट, जड पाणी बाहेर पडते. दोन्ही सेकंदाला साधारण ८ लाख घनमीटर. छापलेला आकडा आत येणाऱ्या पाण्याचा, बाहेर जाणाऱ्याचा की वजाबाकीचा?

आणि खरी गोम वजाबाकीतच आहे. आत येणाऱ्या पाण्यात किलोमागे सुमारे ३६ ग्रॅम मीठ असते, बाहेर जाणाऱ्यात ३८ हून थोडे जास्त. भूमध्य समुद्रातले एकूण मीठ जवळपास स्थिर असते, म्हणजे जितके आत येते तितके बाहेर जायला हवे. या हिशेबाने १०० भाग पाणी आत आले तर ९४ च्या आसपास बाहेर जाते. बाकीच्याची वाफ होते. नद्या आणि पाऊस मिळूनही ती तूट भरून निघत नाही. मिठावरून पाणी मोजण्याची ही रीत डेन्मार्कच्या मार्टिन क्नुडसेन यांनी १९०० साली मांडली.

नुसता वेग मोजून हे ५-६ भाग हाती लागणे अवघड. तळाशी ठेवलेले ध्वनियंत्र वर आवाज सोडते, पाण्यातल्या सूक्ष्म जीवांवरून आणि कणांवरून परतलेल्या आवाजाची बदललेली पट्टी पाहून थराथराचा वेग सांगते. यंत्र उत्तमच. पण त्याच्या आवाजाच्या शलाका तिरक्या जातात. उभ्या रेषेपासून २० अंशांचा तिरपेपणा असेल तर पृष्ठभागालगतच्या सुमारे ६ टक्के उंचीतली नोंद भरवशाची राहत नाही. म्हणजे जेवढा फरक शोधायचा, जवळजवळ तेवढाच भाग यंत्राला आंधळा! शिवाय मध्यभागी बसवलेले एक यंत्र काठाजवळचे काही सांगत नाही आणि सामुद्रधुनीच्या तळाशी असलेल्या उंबरठ्यासारख्या उंचवट्यावर भरती-ओहोटीच्या जोराने प्रवाहाची दिशाच काही तास उलटते. एका दिवसाच्या मोजणीवर विसंबण्यात अर्थ नाही.

हे दुहेरी वाहणे काही नवे ज्ञान नव्हे. इस्तंबूलजवळच्या बॉस्फरस सामुद्रधुनीतही असेच दोन प्रवाह आहेत आणि तिथल्या कोळ्यांना जाळी टाकताना ते ठाऊकच होते. त्यांच्याकडून ऐकून लुइजी मार्सिली या इटालियन तरुणाने वजन बांधलेली दोरी पाण्यात सोडली, तिला जागोजाग पांढरे रंगवलेले बुचाचे तुकडे. वरचे तुकडे एका दिशेला, खोलवरचे उलट्या दिशेला गेले. १६८१ साली त्याने हे छापलेही. दोरी, बूच आणि कोळ्यांचे ऐकून घेण्याची तयारी, एवढेच भांडवल.

तेव्हा नकाशा पुन्हा छापाल तेव्हा खालचा बाणही काढावा आणि आकडा कुठल्या थराचा, किती दिवसांच्या सरासरीचा, हे शेजारी लिहावे, ही विनंती.

– एक वाचक