आईबाबा, जूनची तिकिटं काढलीयेत

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी 'कशाला उगाच खर्च' म्हणून फोन आईकडे दिला असता आणि आई 'बघू गं' म्हणाली असती, म्हणून सरळ लिहितेय. तुमची जूनची तिकिटं काढलीयेत. रिफंड मिळत नाही. व्हिसा आहेच अजून. मागच्या वेळी आलात ते बाळंतपणाला, तेव्हा आईने किचन आणि बाबांनी बाबागाडी सोडून इथलं काही बघितलंच नाही, ते मला फार लागून राहिलंय.

आपण ब्रिस्टलहून गाडीने कॉर्नवॉलला जायचंय, खाली लिझर्डला, म्हणजे ब्रिटनच्या मुख्य भूमीचं अगदी दक्षिणेचं टोक. तिथे काइनान्स कोव्ह म्हणून जागा आहे. बाबा, 'समुद्र आपल्याकडे पण आहे' हे म्हणून झालं असेल तर पुढे वाचा. हे गुहागरसारखं लांबलचक नाहीये, उंच कड्यांच्या कुशीत एवढीशी पांढरी वाळू आणि मधे मोठमोठे सुळके. खडक सर्पेंटाइनचा, काळपट हिरवा, मधेच लाल शिरा, लाटांनी घासून इतका गुळगुळीत झालाय की हात फिरवत बसावंसं वाटतं. राणी व्हिक्टोरियाचा नवरा 1846 मध्ये पोरांना घेऊन इथे आला होता, तर तुम्ही नातीला घेऊन यायला काय हरकत आहे!

भरतीला ती वाळू जवळजवळ सगळी पाण्याखाली जाते. ओहोटीच्या आधी दोन-अडीच तास आणि नंतर तेवढेच, एवढाच वेळ खाली फिरता येतं, गुहांमध्ये शिरता येतं. आणि बाबा, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हा तुमचा हिशोब इथे चालत नाही. आपल्याकडे पौर्णिमेला बाराच्या सुमारास भरती, इथे नेमकी तेव्हा ओहोटी. शिवाय पौर्णिमेच्या उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटर चढतं-उतरतं, म्हणजे वाळूही जास्त उघडी पडते. म्हणून मी मुद्दाम पौर्णिमा धरून कॉटेज घेतलंय, भर दुपारी उन्हात खाली जाता येईल. हो आई, वटपौर्णिमाच आहे ती, मला माहितीये. वड नाही मिळणार, कागदावर काढून पूजा कर, मुंबईत फ्लॅटमधल्या बायका करतातच की, आणि ज्यांच्यासाठी करायची ते समोरच बसलेले असतील.

तिथे एक फट आहे, डेव्हिल्स बेलोज म्हणतात, लाट आत शिरली की फुसकन फवारा उडतो, थेट आपल्या हेदवीच्या बामणघळीसारखा. बाबा मला फ्रॉकला मागून धरून वाकून दाखवायचे आणि आई देवळापाशी उभी राहून ओरडायची, आठवतंय? आता सानूला कोण धरणार ते तुम्हीच ठरवा, मी मात्र आईसारखी ओरडणार.

गुडघ्याची काळजी करू नका. कार पार्कपाशी वरच सपाट वाटेने जाऊन अख्खा कोव्ह दिसतो. खाली जायला दोन वाटा आहेत, एक पायऱ्यांची उभी, ती तुम्ही घ्यायची नाही म्हणजे नाही, 'मला काही झालेलं नाही' चालणार नाही. दुसरी जरा लांबची पण सोपी, ती कॅफेपर्यंत नेते. कॅफेत चहा आहे, स्कोन आहेत, टॉयलेट आहे (आई, स्वच्छ आहे, मी बघून आलेय). पुढे वाळूपर्यंत दगड आहेत आणि ओले असले की भयंकर निसरडे, तिथे वाटलं तर उतरा, नाहीतर कॅफेत बसूनही सगळं दिसतं, वाईट वाटून घेऊ नका.

कॉटेजमध्ये तुमची खोली खालीच, बाथरूम लागून, अंघोळीला बसायला स्टूल मागून ठेवलंय. कुकर आणि विरजण मी घरून नेणार. आई, दोन्ही वेळची भाकरी होईल, शुगरचं टाइमटेबल बिघडणार नाही. रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा झोपेचं तेवढं जरा बघावं लागेल.

आता एक सांगायचंय, रागावू नका. एवढी रजा जूनमध्ये गेली की गणपतीला आम्हाला येता येणार नाही. मला माहितीये मोदकांच्या वेळी आई दाराकडे बघणार. पण गणपतीत दीड दिवस घरभर पाहुणे, तुम्ही दोघं कामात, आणि मी तुमच्याशी धड बोलतही नाही, त्यापेक्षा हे बरं की नाही, सांगा. काकूंना मी फोन करून सांगेन, तुम्ही बोलणी खाऊ नका.

बाबा, बीपीच्या गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या आणि वर पंधरा दिवसांच्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट हँडबॅगेत, मोठ्या बॅगेत नाही. एअरपोर्टवर व्हीलचेअर सांगितलीये, लाजायचं नाही, बसायचं. आई, मागून पट्टा असलेली सँडल घे, ती घरातली स्लिपर आणलीस तर मी परत पाठवीन. स्वेटर दोघांना, जून असला तरी तिथे वारा फार. आणि भाजणी आण, किलोभर पुरे, मागच्यासारखी पाच किलो नको.

रविवारी फोन करते. तोपर्यंत बाबांनी फिजिओकडे जाऊन यायचं.

तुमची,
चिमू