बुडाचा रंग: मत्स्यव्यवसाय व बंदरे मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मत्स्यव्यवसाय व बंदरे मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

नौकेच्या बुडाला रंग लागतो बंदरात आणि त्याचा भोग भोगावा लागतो खाडीतल्या जिवांना. ही दोन्ही खाती आपल्याकडे आहेत. त्यामुळे ‘हा विषय आमच्याकडे येत नाही’ असं उत्तर निदान आपल्याकडून यायचं नाही, एवढ्या भरवशावर लिहितो आहे.

मी प्राणिशास्त्राचा निवृत्त शिक्षक. खाडीकाठी वाढलो. ओहोटी लागली की आई आणि शेजारच्या बायका खडपावर कालवं फोडायला जायच्या, आणि आम्ही पोरं शंख गोळा करायचो. तेव्हा शंखात नर-मादी असतात हे ठाऊक नव्हतं. पुढे शिकलो, शिकवलंही. शंख व्हाइसमध्ये, म्हणजे लोखंडी शिकंज्यात, धरून हलकेच दाबायचा. कवच तडकलं की आतला जीव अखंड बाहेर काढायचा आणि भिंगाखाली उजव्या शिंगामागे बघायचं. नराला तिथे लिंग असतं, मादीला नसतं.

1970 साली इंग्लंडच्या प्लिमथजवळ स्टीफन ब्लेबर यांना मादी शंखांना ते असल्याचं दिसलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत बी. एस. स्मिथ यांनी अशाच विकृतीला ‘इम्पोसेक्स’ म्हटलं, म्हणजे मादीवर लादलेलं नरपण. ते कुणी लादलं हे कळायला आणखी दहा वर्षं गेली. नौकांच्या बुडाला शेवाळ आणि कवचं चिकटू नयेत म्हणून जो रंग लावायचे, त्यात ट्रायब्युटिल टिन असायचं. त्याला टीबीटी म्हणतात. टिन म्हणजे आपल्या कल्हईतलं कथिल. कल्हईच्या पातेल्यात आपण पिढ्यान्‌पिढ्या जेवलो, काही झालं नाही. त्याच कथिलाला ब्युटिलचे तीन गट जोडले की मात्र त्याचं विष होतं.

किती विष? एका लिटरला एका नॅनोग्रॅमहून कमी असलं तरी काही जातींच्या माद्यांत बदल सुरू होतो. दहा हजार लिटरचे एक लाख टँकर ओळीने उभे करा आणि त्या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम टाका, तर तेवढं होतं. शंखाच्या पेशीत रेटिनॉइड एक्स रिसेप्टर नावाचं प्रथिन असतं. टीबीटी त्याला जाऊन चिकटतं आणि शरीराला वाटतं, नराचे अवयव वाढवायचा निरोप आतूनच आला. प्रमाण आणखी वाढलं की प्लिमथच्या त्या शंखात नव्याने वाढलेल्या नलिकेने अंडी बाहेर पडायची वाटच बुजते. अंड्यांच्या पिशव्या आतच साठतात, काळ्या पडतात, कधी मादी त्यातच मरते. त्या जातीची पिल्लं पाण्यात वाहत दूर जात नाहीत, खडकाला चिकटवलेल्या पिशवीतून तिथेच बाहेर येतात. त्यामुळे एका खडपावरचे शंख संपले की शेजारून सहज भरती होत नाही.

फ्रान्समध्ये सरकार जागं झालं ते शंखांसाठी नव्हे, कालवांसाठी. आर्काशों उपसागरात कालवांची शेती होते. तिथे सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस कालवांची पिल्लं तगेनाशी झाली आणि मोठ्या कालवांची कवचं आतून पोकळ कप्पे पडून फुगू लागली. जानेवारी 1982 मध्ये फ्रान्सने हा रंग बंद केला, आणि महोदय, तो पहिल्यांदा लहान नौकांवर, 25 मीटरपेक्षा कमी लांबीच्या. 1987 मध्ये ब्रिटननेही तेच केलं. कारण उघड आहे. मोठं जहाज खोल समुद्रात फिरतं. लहान नौका उथळ खाडीत, कालवांच्या डोक्यावर नांगरून असते.

जगभरची बंदी नंतर आली. 2001 साली आंतरराष्ट्रीय करार झाला, 17 सप्टेंबर 2008 ला तो अमलात आला, आणि 2014 मध्ये आपल्या संसदेने मर्चंट शिपिंग कायद्यात त्यासाठी दुरुस्ती केली. पण या कराराची कागदपत्रं बघा. परदेशी फेऱ्या करणाऱ्या 400 टनांवरच्या जहाजाची तपासणी होते आणि त्याला प्रमाणपत्र लागतं. त्याहून लहान, पण 24 मीटर किंवा जास्त लांबीचं जहाज असेल तर मालकाचं सही केलेलं घोषणापत्र पुरतं. 24 मीटरखाली काहीच नाही. आपल्या किनाऱ्यावरच्या बहुतेक मासेमारी नौका याच शेवटच्या रकान्यात बसतात. फ्रान्सने सुरुवात जिथून केली, तिथे आपला कागद संपतो.

गेल्या जुलैत मी एका दुकानात बुडाच्या रंगाचा डबा मागितला. लेबल अर्धं निघालेलं. घटक काय आहेत विचारलं, तर दुकानदार म्हणाला, “सर, सगळे हाच नेतात.” त्यात कथिल होतं असं मी म्हणत नाही. आज बहुतेक रंग तांब्याचे असतात, तोही तसाच असेल. पण नव्हतं असं तरी कुणी सांगावं? ज्याच्या हातात ब्रश आहे त्या खलाशाला नाही, मालकाला नाही, आणि परवाना देणाऱ्या खात्याने तर कधी विचारलेलंच नाही. पूर्वी लोक राळ, चुना आणि माशाचं तेल लावायचे. ते टिकायचं कमी, हे मान्य. पण लावणाऱ्याला आपण काय लावतो आहोत ते ठाऊक असायचं.

हे लांबच्या देशांपुरतं आहे असं कुणी सांगितलं तर मानू नका. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी भारतीय किनाऱ्यावरच्या शंखातल्या इम्पोसेक्सची नोंद 1999 साली प्रसिद्ध केली. त्या शंखाचं शास्त्रीय नाव क्रोनिया कोंकणेन्सिस. कोकणाचं नाव मिरवणारा जीव आणि नोंद ही! मुंबई आणि मुरगाव बंदरांच्या गाळातही टीबीटी सापडलेलं आहे.

गाळाकडे आपण खास लक्ष द्यावं. उघड्या पाण्यात टीबीटी काही दिवसांत, आठवड्यांत विघटित होतं. तळाच्या काळ्या, हवा न पोचणाऱ्या चिखलात ते वर्षानुवर्षं टिकतं. बंदी येण्याआधी उतरलेलं विष तिथे अजून निजलेलं असू शकतं. ड्रेजर लावून तो गाळ उपसला आणि दुसरीकडे टाकला की ते पुन्हा पाण्यात येतं. बंदरं वाढवायला माझा विरोध नाही, मासळी उतरवायलाही जेट्टी लागतेच. पण उपशाआधी गाळाची इतर तपासणी होते तशी टीबीटीचीही व्हावी, आणि आकडे गावच्या मच्छीमार सोसायटीच्या फळ्यावर लागावेत.



नौकेच्या परवान्याचं नूतनीकरण आपलंच खातं करतं. त्या अर्जात एक ओळ वाढवा: बुडाला कोणता रंग लावला, आणि सोबत डब्याच्या लेबलचा फोटो. दंड लगेच नको, आधी कळू तर द्या. रंगविक्रेत्यांना घटक मराठीत छापायला लावा. आणि किनाऱ्यावरच्या महाविद्यालयांना दर हिवाळ्यात ठरलेल्या खडपांवरचे थोडेसे शंख तपासायचं काम द्या. प्रयोगशाळेत पाण्यातलं टीबीटी मोजायला महागडं यंत्र लागतं. शंख तेच मोजमाप अंगावर बाळगून असतो, वाचायला व्हाइस, भिंग आणि शिकवलेली नजर पुरते. ब्रिटनमध्ये बंदीनंतर शंख परतले, तेही असेच मोजूनच कळलं.

मासेमारीबंदी 31 जुलैला उठते. त्याआधी पावसाने उघडीप दिली की किनाऱ्यावर डबे उघडायला लागतील. अर्जातली ती ओळ तोवर छापून झाली तर बरं. शंख तपासायला माणसं कमी पडली तर मी येईन. व्हाइस माझा आहे, आणि ओहोटीच्या वेळा अजून पाठ आहेत.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, रत्नागिरी जिल्हा