सूचना: माळ्यावरची खोली आणि घरातली गळती

सर्व सभासदांनो,

रविवार, २४ मे रोजी सकाळी १० वाजता वाडीच्या समाजमंदिरात वरील दोन विषयांवर बैठक आहे. कौलांचे मिस्त्री आणि प्लंबर दोघेही येतील. आंब्याची गडबड सगळ्यांनाच आहे, तरी घरटी एकाने यावेच. मृग लागल्यावर मिस्त्री कुणालाच सापडत नाही.

येण्याआधी एवढे करा:

१. माळ्यावर खोली काढायची असेल तर तुळयांची जाडी आणि त्यांच्यामधले अंतर मोजून आणा. जुना माळा नारळ, भात, सरपण ठेवायला बांधलेला. पलंग-कपाटाचा भार तो पेलेलच असे नाही. तुळई चिऱ्याच्या भिंतीत शिरते तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. टोक सहज आत गेले तर लाकूड वाळवीने किंवा ओलीने खाल्लेले आहे, मग खोलीचा विचार नंतर.

२. परवानगीची चौकशी ग्रामपंचायतीत आधी करा.

३. छताखाली डाग दिसतो तिथेच कौल फुटलेले असते असे नाही. पाणी वाशावरून घरंगळत खाली टपकते. डागापासून वर, कोन्यापर्यंत (छपराच्या सर्वांत वरच्या कडेपर्यंत) बघत जा आणि फोटो काढा.

४. नळाच्या गळतीसाठी रात्री पंप आणि सगळे नळ बंद करून टाकीतल्या पातळीला खूण करा. सकाळी पाणी वापरण्याआधी पातळी उतरलेली दिसली तर पाइप, फ्लश किंवा टाकी गळते आहे.

कौलांवर एकट्याने चढू नये. प्रश्न शुक्रवार संध्याकाळपर्यंत ग्रुपवर टाका.

– सचिव