एकटीने परदेशी जाताना

बडोद्यातून शिक्षणासाठी, फिरायला एकट्या परदेशी जाणाऱ्या मुली आता कितीतरी घरांत आहेत. निरोप देताना आपण चिवडा-लाडवांचे वजन करतो. तिथल्या पोलिसांचा क्रमांक मात्र विचारत नाही. युरोपीय संघात ११२, अमेरिका-कॅनडात ९११, ऑस्ट्रेलियात ०००. भारतीय दूतावासाचा क्रमांक कागदावरही लिहून द्यावा, मोबाइलच चोरीला गेला तर? परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर विद्यार्थिनींनी नोंदणी जरूर करावी. ‘एकटी कशाला जातेस?’ या प्रश्नाची मला मनापासून चीड आहे. त्याने मुली अडचणीत असूनही घरी कळवत नाहीत. दांडिया बाजार, रावपुऱ्यातील मराठी मंडळांनी सुटीत या तयारीसाठी वर्ग घ्यावेत आणि बोलायला परदेशी जाऊन आलेल्या मुलींनाच बोलवावे.

– एक वाचक, वडोदरा